तीन बाजूंना चढ

माझ्या कपाटात एक शाल आहे. जांभळी, सोनेरी काठांची, आणि कापड असं की मानेला लागलं तर खाज सुटते. हातखंब्याच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये, साठ-सत्तर आंबा बागायतदारांच्या देखत, ती माझ्या खांद्यावर घालण्यात आली. सोबत नारळ होता. नारळाची त्याच आठवड्यात चटणी झाली. शाल राहिली. साधा बनियन काढायला कपाट उघडलं तरी ती दिसते आणि मला शिसारी येते. शालीची नाही, ती बिचारी कुठल्या तरी घाऊक दुकानातून गठ्ठ्याने आलेली असणार. ती अंगावर घेऊन मी जे बोललो त्याची.

मी तीस वर्षं टेक्निकल शाळेत ड्रॉइंग शिकवलं. ड्रॉइंग म्हटलं की लोकांना फुलं, पानं आणि नारळाच्या झाडामागचा सूर्यास्त आठवतो. माझं ते नव्हे. माझं ड्रॉइंग म्हणजे लोखंडाचा एक ठोकळा समोरून कसा दिसतो, वरून कसा दिसतो आणि बाजूने कसा दिसतो, ती तीन सपाट चित्रं. त्यांच्यावरून कारागीर वस्तू घडवतो. आणखी एक चौथं चित्र असतं, तिरपं, ज्यातला ठोकळा खराखुरा उचलून घ्यावासा वाटतो. पोरांना तेच आवडायचं. तेच आधी काढायचे, छाया देऊन नटवायचे आणि मग त्याच्यावर पट्टी ठेवून मापं घ्यायला लागायचे. तिथे माझं डोकं फिरायचं. तिरपं चित्र बघण्यासाठी असतं, मापण्यासाठी नसतं, हे मी इतक्या वेळा ओरडून सांगितलंय की शेजारच्या वर्गावरच्या मराठीच्या बाई ते वाक्य माझ्या आवाजात म्हणून दाखवायच्या. कुणाचं चुकलेलं दिसलं की ओरडण्याआधी मी खालचा ओठ चावायचो. ही सवय मला ठाऊक नव्हती, पोरांना होती. सरांनी ओठ चावला की खोडरबर काढायचा, अशी त्यांची रीतच पडली होती. हे मला निवृत्त झाल्यावर निरोप समारंभात कळलं.

माझा धाकटा भाऊ दोन वर्षं माझ्याच वर्गात होता. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, ड्रॉइंगमध्ये जेमतेम. पुढे वडील थकले तेव्हा तो बागेत गेला आणि मी नोकरीत राहिलो. त्यामुळे बाग राबण्यापुरती त्याची आणि सातबाऱ्यावर नावं दोघांची. रत्नागिरी शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवर, कातळ फोडून लावलेली हापूसची कलमं आहेत. भावाला वहीत रेघ सरळ मारता येत नसे, पण झाडाखाली उभा राहिला की मी त्याचा विद्यार्थी.

आमच्याकडे झाडाचा अंदाज घेणं हे एक काम आहे आणि ते सगळ्यांना येत नाही. फळ सुपारीहून जरा मोठं झालं की माणूस कलमाभोवती एक फेरी मारतो आणि सांगतो, या झाडाच्या इतक्या पेट्या होतील. भावाची फेरी संथ असायची. मान वर, हात मागे बांधलेले, तोंडाने अवाक्षर नाही. पहिल्या दर्शनावर तो कधीच बोलत नसे. कारण कलम चारी अंगांनी सारखं धरत नाही. समुद्राकडची बाजू भुंडी दिसते म्हणून तुम्ही हळहळत असता आणि डोंगराच्या अंगाला गेलात की फांद्या ओझ्याने वाकलेल्या असतात. समोरून बघून जो बोलला तो फसला. म्हणून मागे जायचं, चारी बाजू बघायच्या आणि मगच बेरीज सांगायची. त्याचा अंदाज चुकला तर पेटी-दोन पेटीने. आजूबाजूचे बागवाले त्याला मुद्दाम न्यायला यायचे, अंदाज घ्यायचे, चहा पाजून सोडायचे. तेवढ्यावर स्वारी खूश असायची.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाग मोहोरावर देण्याची पद्धत आहे. म्हणजे झाडाला नुसता मोहोर दिसत असताना व्यापारी येतो, हंगामाची एकरकमी किंमत देतो, आणि तिथून पुढे फवारणी त्याची, राखण त्याची, आंबाही त्याचा. पाऊस पडून सगळं काळं पडलं तर नुकसानही त्याचंच. पुष्कळ लोक देतात, त्यात गैर काही नाही. आमच्या वडिलांनी मात्र कधी दिली नाही. मोहोर विकणं म्हणजे पोटातलं पोर विकणं, असं ते म्हणायचे. ते बोलायला जरा जास्तच तिखट होते. पण भावाने त्यांचा तो नियम ते गेल्यानंतरही पाळला.

मग सलग तीन हंगाम वाईट गेले. एकदा अवकाळी पाऊस, एकदा किडीने मोहोर खाल्ला, आणि वानरं तर बारमाही. एक दिवस तो माझ्या ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, आभाळाकडे बघून बघून मान आखडली माझी. आता नको वाटतं रे."

त्याच सुमारास त्याच्या फोनवर शेअर बाजार आला. आधी थोडंसं घ्यायचा, थोडंसं विकायचा. फोनवर लाल-हिरव्या कांड्यांची सपाट आकृती असायची, ती दोन बोटांनी मोठी करून बघायचा आणि वैतागून फोन खिशात टाकायचा. त्याला ती आकृती पटायचीच नाही. सगळं समोरूनच दिसतं, मागचं काय ते कळत नाही, अशी त्याची तक्रार होती. मी हसलो होतो.

हातखंब्याचं बोलावणं आणलं ते फवारणीची औषधं विकणाऱ्या दुकानदाराने. आमच्या भागातले सगळे बागवाले औषध त्याच्याकडून उचलतात, त्यामुळे त्याला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. पुण्याहून कुणी तज्ज्ञ येणार, थ्रीडी चार्टवर बाजार कसा बघायचा ते शिकवणार, जेवण फुकट. भाऊ मला म्हणाला, "तू ये. तुला चित्रातलं कळतं. तू बघ नि सांग बरोबर आहे की नाय. तू बरोबर म्हणालास तर मी करणार, नायतर राम राम."

इतकं स्पष्ट सांगून त्याने मला नेलं होतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे मी स्वतःलाच पुष्कळ सबबी सांगितल्या आणि त्यातली एकही या वाक्यापुढे टिकत नाही.

हॉलमध्ये खुर्च्यांना पांढरे झगे घातलेले होते. खालच्या स्वयंपाकघरातून बांगडे तळल्याचा वास वर येत होता आणि वर अगरबत्तीचा धूर होता. तज्ज्ञ तिशीचा असेल. कोट घालून आला होता. भर दुपारी हातखंब्याला कोट! मानेवरून घाम ओघळत होता आणि तोंडावर हसू चिकटवलेलं. बायका-पोरं घरी सोडून इथे आलेले सगळे बागवाले त्याला 'माझं कुटुंब' वाटत होते, असं तो दर पाच मिनिटांनी सांगत होता.

आधी सत्कार. आमच्याकडे सत्काराशिवाय डांबराचं पिंपसुद्धा उघडत नाहीत. दुकानदाराने माइकवर माझं नाव घेतलं. अर्ध्या रत्नागिरीला ज्यांनी रेघ मारायला शिकवली ते सर, असं म्हणाला. टाळ्या झाल्या. मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत मला माइकवरून 'सर' कुणी म्हटलं नव्हतं. बाजारात मासेवाली म्हणते, पण ती सगळ्यांनाच म्हणते. शाल अंगावर आली, नारळ हातात आला, आणि मला, खोटं कशाला बोलू, गुदगुल्या झाल्या. मला पहिल्या रांगेत, मधोमध बसवण्यात आलं. भाऊ माझ्याच रांगेत पण कडेला होता, तिथून त्याला पडदाही दिसत होता आणि मीही.

मग सगळ्यांना पुठ्ठ्याचे चष्मे वाटले. एक काच लाल, एक निळी. मी तो माझ्या चष्म्यावर चढवला. दिवे मालवले आणि पडद्यावरून एक डोंगर बाहेर आला. हिरवा, मग पिवळा, शिखराला तांबडा. मागच्या रांगेतल्या कुणीतरी त्याला हात लावायला हात पुढे केला आणि सगळे हसले. तो डोंगर म्हणजे बाजाराचा भाव. लांबीला दिवस, उंचीला भाव, आणि खोलीला म्हणे 'ताकद'. ताकद कशाची, कशात मोजली, ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. साधा चार्ट बघणं म्हणजे एका डोळ्याने बघणं, असं तो म्हणाला. देवाने दोन डोळे कशाला दिलेत? लोकांनी माना हलवल्या.

पाच मिनिटांनी चष्मे काढले आणि तो डोंगर पडद्यावर फिरवायला लागला. समोरून भाव घसरत होता. डावीकडे उंच, उजवीकडे सखल, आंधळ्यालाही कळावं. "आता मित्रांनो," तो म्हणाला, "आपण छोटी माणसं बाजाराच्या समोर बसतो. मोठे खेळाडू मागे बसतात. चला, मागे जाऊन बघू, त्यांना काय दिसतं." त्याने डोंगर अर्धा फिरवला. आता डावीकडे सखल आणि उजवीकडे उंच. उतार होता तिथे चढ झाला. हॉलमध्ये 'आं' असा आवाज उठला.

मला तेव्हाच कळलं. तीस वर्षं ज्याने ठोकळे उलटेपालटे करून काढून घेतले त्याला हे कळायला क्षणही लागत नाही. जिना घ्या. एका अंगाने उभं राहून बघितलात तर डावीकडून उजवीकडे उतरतो, पलीकडच्या अंगाला जाऊन बघितलात तर डावीकडून उजवीकडे चढतो. जिना तोच. डोंगर फिरवल्यावर तारखा उलट्या झाल्या होत्या, कालचा दिवस डावीकडे आणि महिन्यापूर्वीचा उजवीकडे. पण तारखांचे आकडे फिरवताना गुपचूप नाहीसे होत होते. शिवाय जवळचा कडा मोठा दिसतो, लांबचा बारका. डोंगर जरासा तिरपा ठेवून जुना उंच भाव जवळ आणून ठेवला की तो आणखीच मोठा दिसणार. मापण्यासाठी नसतं, बघण्यासाठी असतं. माझंच वाक्य.

पण हॉलमधली माणसं बागवाली होती. समोरून भुंडं दिसलं तर मागे जायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. मागच्या अंगाला फळ असतं. जन्मभर असत आलं होतं. शहरातल्या कुठल्याही कारकुनाला ही थाप पचली नसती, ती आमच्या माणसांनी आंब्याच्या रसासारखी गिळली. त्या घामट कोटवाल्याला हे माहीत होतं की आपसूक जुळून आलं, ते मला आजही सांगता येणार नाही. दुकानदाराला माहीत असणार असं मला वाटतं, कारण तो खिडकीपाशी उभा राहून पडदा नव्हे, माणसं बघत होता.

तेवढ्यात कोटवाला माझ्यापुढे आला. "सर, तुम्ही या विषयातले अधिकारी. तुम्हीच सांगा या मंडळींना. आकृती बरोबर आहे ना?"

माइक माझ्या तोंडाशी आला. शाल मानेला चावत होती. मी उठलो आणि म्हणालो, "प्रोजेक्शन अगदी शास्त्रशुद्ध आहे. फार सुंदर काढलंय."

वाक्य खरं होतं. हाच त्यातला सगळ्यात घाणेरडा भाग. चित्र म्हणून त्यात रेघेची चूक नव्हती. लबाडाने विचारलेल्या प्रश्नाला मी शब्दशः खरं उत्तर दिलं आणि सत्तर माणसांनी ते निराळ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ऐकलं, हे मला बोलतानाच कळत होतं. टाळ्या झाल्या. खाली जेवायला गेलो तेव्हा मला बांगड्याचा मधला तुकडा वाढला आणि मी तो खाल्ला. चवीने खाल्ला.

परतताना भावाने गाडी हमरस्त्याला घातली. मग म्हणाला, "म्हणजे बरोबर आहे ना?"

"चित्र बरोबर आहे," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि गिअर बदलला.

पंधरा दिवसांनी तो कागद घेऊन आला. मोहोर चांगला फुटला होता आणि व्यापारी बाग घ्यायला तयार होता. ती रक्कम शेअर बाजारात घालायची आणि कोटवाल्याचा तो डोंगर लॅपटॉपवर घ्यायचा, असं त्याचं ठरलं होतं. नावं दोघांची, म्हणून माझी सही लागत होती. सोबत त्याची बायको आली होती. ती सहसा व्यवहारात पडत नाही. त्या दिवशी म्हणाली, "मामंजी कधी मोहोरावर देत नव्हते. पण भावोजी, तुम्ही बघितलंयत ना ते सगळं? मग ठीकच असेल." तिने माझ्यासाठी खापरोळ्या करून आणल्या होत्या. मी चष्मा पुसला, सही केली, आणि मोहोर गेला.

त्यानंतर माझा एक माजी विद्यार्थी मुंबईत शेअर बाजाराच्याच धंद्यात आहे, त्याला मी फोन केला. आधी नाही, नंतर केला, हे लक्षात घ्या. थ्रीडी चार्टचा खरोखर काही उपयोग असतो का रे, असं विचारलं. तो म्हणाला, "असतो की सर. तीन गोष्टी खरोखर वेगवेगळ्या असल्या तर असतो. आमच्याकडे एक असतो तसा. सौद्याचा भाव, त्याची मुदत आणि बाजार किती हलेल याचा अंदाज, या तिन्हींची मिळून एक चादर दिसते. कुठे खड्डा पडलाय, कुठे फुगलंय, ते पटकन ध्यानात येतं. पण सौदा करायचा म्हटलं की आम्ही त्याचा एक काप काढतो आणि तो सपाटच बघतो. वाचता सपाटच येतं. थ्रीडी आम्ही मोठे पाहुणे आले की भिंतीवर लावतो." मग मी त्याला 'ताकद' म्हणजे काय ते विचारलं आणि भावाच्या लॅपटॉपवरून घेतलेला एक फोटो पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं. ताकद बाजारभावावरूनच काढलेली होती. त्या दराचाच आकडा घोटून खोलीला लावलेला. म्हणजे डोंगराला मुळात तीन अंगं नव्हतीच, दोनच होती, तिसरं पोटात वारा भरून फुगवलेलं.

आता जाऊन सांगायचंच, असं ठरवून मी बसने गेलो. भाऊ ओटीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. मला बघून त्याचा चेहरा फुलला. कितीतरी दिवसांनी मी त्याला असा बघत होतो. "बस, बस. हे बघ. समोरून पडकं दिसतंय ना?" मी हो म्हटलं. "आता मागे चल," तो म्हणाला. झाडापाशी म्हणायचा अगदी तसंच म्हणाला, आणि बोटाने डोंगर हळूहळू फिरवायला लागला. फेरीचा वेगसुद्धा तोच. तोंडाने अवाक्षर नाही, मान किंचित वर. फेरी पुरी झाल्यावर म्हणाला, "एक बाजू भुंडी आहे. तीन बाजूंना चढ आहे. धरणार हा."

चारी बाजूंची तो बेरीज करत होता. झाडाच्या चार अंगांना चार वेगळी फळं असतात. इथे चारी अंगांना तोच एक आकडा होता, आणि त्या एका साक्षीदाराची त्याने चारदा साक्ष काढली होती.

"मागून उलटं दिसतं रे," मी म्हणालो.

"मग झाड काय सुलटं दिसतं? म्हणून तर मागे जायचं." तो हसला. "आणि तूच तर म्हणालास हॉलमध्ये."

त्याची बायको दारात येऊन उभी होती. एका वाक्याचं काम होतं. मी तेव्हा चुकीचं बोललो, मला मिरवायचं होतं, एवढंच. ते वाक्य माझ्या घशापर्यंत आलं आणि तिथे शाल अडकलेली होती. मी म्हणालो, "जपून कर," आणि चहा घेतला. जपून कर! हे दोन शब्द ज्याने शोधून काढले त्याला माझ्यासारख्यांनी रोज हार घालायला हवा. काहीही न करता काहीतरी केल्याचं पुण्य त्यात मिळतं.

भावाने चढेल म्हणून पैसे लावले. उतरलं. पुन्हा डोंगराला फेरी मारली, पुन्हा तीन बाजूंना चढ, पुन्हा लावले. शिमग्याची पालखी त्यांच्या दारात आली तोपर्यंत मोहोराचे पैसे संपले होते. कोटवाल्याचा फोन लागेना. दुकानदार म्हणाला, मी फक्त हॉल ठरवून दिला होता. त्याच्या दुकानात अजून गर्दी असते. मीही परवा त्याच्याकडून मुंग्यांची पावडर आणली, कारण दुसरं दुकान लांब आहे.

त्या वर्षी, नेमकं त्याच वर्षी, बागेला आंबा असा धरला की वडील असते तर दृष्ट काढली असती. पाऊस नाही, कीड नाही, वानरंसुद्धा कुठे मेली होती कोण जाणे. व्यापाऱ्याने आपली माणसं आणली, आंबे उतरवायचे झेले आणले, आणि एप्रिल संपता संपता तोड सुरू केली. भावाच्या बायकोने फोन केला. "भावोजी, एकदा येऊन जा. हे बागेत पाऊल टाकत नाहीत. शेजारचे अंदाजाला बोलवायला आले होते, तर म्हणाले, माझ्या नजरेचं काय खरं नाय आता, दुसरा बघा. तीन जणांना परत पाठवलं. बोलत नाहीत, नुसते बसून असतात."

पैशांचं मला दुःख होतं, नाही कसं म्हणू. पण पैसे एका हंगामात गेले तसे दोन हंगामांत येतात. हे ऐकलं तेव्हा मात्र मी जेवता जेवता उठलो.

तो बागेच्या दगडी गडग्यावर बसला होता, बागेकडे पाठ करून. मी शेजारी बसलो. खाली व्यापाऱ्याच्या माणसांचा आवाज येत होता. इकडचं तिकडचं न बोलता मी त्याला सगळं सांगितलं. हॉलमध्येच मला कळलं होतं, तारखा उलट्या होत होत्या, तो डोंगर मागून बघण्यात काही अर्थ नव्हता, मला ते दिसत होतं आणि तरीही मी उठून बरोबर आहे म्हणालो, कारण अंगावर शाल होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. हे बोलताना मला माझ्या आवाजाचीसुद्धा किळस आली, कारण त्यात कुठेतरी मी खरं बोलत असल्याचं कौतुक होतं. वाटलं, आता तो मला शिव्या देईल. द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं.

तो म्हणाला, "मला तेव्हाच दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"तू ओठ चावलास ना." तो खाली पायाजवळच्या दगडाकडे बघत बोलत होता. "मी कुठे पडद्याकडे बघत होतो? मला कसलं कळतंय त्यातलं? मी कडेला बसून तुझ्याकडेच बघत होतो. त्याने डोंगर मागे फिरवला नि तू ओठ चावलास, असा. वर्गात चावायचास ना, तस्साच. मी म्हटलं, झालं, काहीतरी चुकलंय यात. दादाला दिसलं. आता दादा उठणार नि त्याचे वाभाडे काढणार. घरी जाऊया, बाग आपली बरी. मग तू उठलास, माइक घेतलास नि बरोबर आहे म्हणालास."

"हो," मी म्हणालो.

"मग मी म्हटलं, आपला अंदाज चुकला." त्याने मान वर केली. "इतकी वर्षं तुला बघतोय, नि माझा अंदाज चुकला. तुझ्या बाबतीत चुकला तर मग झाडाचं काय घेऊन बसलास?"

"चुकला नव्हता रे," मी म्हणालो. "बरोबर होता तुझा अंदाज."

खाली टेम्पोची मागची फळी लावल्याचा खडखडाट झाला. आमच्याच आंब्यांच्या पेट्या घेऊन टेम्पो उतारावरून हळूहळू गेल्याचं ऐकू आलं, आणि आम्ही दोघं पाठमोरे तिथेच बसून राहिलो.